माघारीची पिशवी

माधवनगरच्या आमच्या ऑफिसात साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या असायच्या. डावीकडची प्लॅस्टिकची, ती गिऱ्हाइकाची. उजवीकडची लाकडी, हातांची, जाड गादीची, ती त्याच्या बायकोची. लाकडी खुर्चीवर पुरुषाने बसायचं नाही असा नियम होता, आणि ती रिकामी असेल तर डावीकडच्या माणसाकडून आम्ही एक रुपयाही घेत नव्हतो. खिशात पैसे घेऊन आलेल्या माणसाला "जावा, मालकिणीला घेऊन या" म्हणून परत पाठवणारं ऑफिस उभ्या सांगली जिल्ह्यात आमचं एकच असावं. निदान मला तरी दुसरं माहीत नाही.

तिथे मी बावीस वर्षं नोकरी केली आणि यंदा निवृत्त झाले. धंदा काय होता ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या नणंदेला अजून वाटतं की मी बँकेत होते. आमची बँक नव्हती, पतसंस्था नव्हती आणि दामदुप्पटवाले तर मुळीच नव्हतो. लोकांनी साठवलेले पैसे म्युच्युअल फंडात, विम्यात, सरकारी बचत योजनेत कुठे आणि किती घालावेत ते सांगायचं, फॉर्म भरायचे आणि मग पुढची वीस वर्षं त्या माणसाच्या डोक्यावर बर्फ ठेवायचा. पैसे थेट कंपनीकडे जातात, आमच्या हाताला लागत नाहीत. कंपनी आम्हाला थोडी दलाली देते. फॉर्म भरायला अर्धा तास पुरतो. बर्फ ठेवणं हे खरं काम. बाजार पडला की सकाळी नऊला फोन सुरू व्हायचे, आणि मी एकच वाक्य दिवसभर बोलायची, "काका, मेंढ्याचा भाव उतरला म्हणून कुणी कळप विहिरीत ढकलतं का?"

मालकांचं नाव दस्तगीर नदाफ. नदाफ म्हणजे पिंजारी, कापूस पिंजून गाद्या शिवणारे. ऑफिसात शिरल्यावर देवादिकांचा, मक्केचा, कुठल्या पुढाऱ्याचा एकही फोटो दिसायचा नाही. भिंतीवर फक्त त्यांच्या वडिलांची कापूस पिंजायची धनुष्यासारखी पिंजण टांगलेली होती. नवीन माणूस विचारायचा, हे कसलं वाद्य? मग साहेब गोष्ट सांगायचे, आणि खुर्चीच्या नियमाचं मूळ त्या गोष्टीत होतं.

वडील माधवनगरच्या गिरणी कामगारांच्या गाद्या शिवत. कमाईतून उरेल ते एका गादीत शिवून ठेवत. एका दुपारी पिंजता पिंजता गेले. "बापानं सगळ्या गावाच्या गाद्या शिवल्या," साहेब सांगायचे, "आणि पैसे एका गादीत घातले. कुठल्या, ते आईला सांगितलं न्हाई." आईने दुकानातल्या, घरातल्या सगळ्या गाद्या उसवल्या. काही निघालं नाही. ती गादी बहुतेक कुणाच्या तरी लग्नात रुखवतात गेली. आईने पुढे सहा पोरं तोच कापूस पिंजून वाढवली. साहेब गिरणीत कारकून झाले, गिरणी बंद पडली, आणि मग त्यांनी हा धंदा काढला. पाटीवर 'ओंजळ गुंतवणूक सेवा' असं लिहिलेलं असलं तरी लोक त्याला खुर्चीवालं हापिस म्हणत.

मी तिथे गिऱ्हाईक म्हणून गेले होते, तेही ओढून नेल्यासारखी. आमचे हे तेव्हा फौजेत हवालदार, महिन्याच्या सुट्टीवर आलेले. आष्ट्याहून बसने माधवनगरला नेलं आणि लाकडी खुर्चीवर बसवलं. साहेबांनी तासभर समजावलं, आणि शेवटी फॉर्म पुढे करण्याऐवजी माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तुमी सांगा. काय ऐकलं?" हे 'परत सांगणं' हा त्यांचा दुसरा नियम. बायकोने आपल्या शब्दांत सगळं परत सांगितल्याशिवाय नवऱ्याची सही होत नसे. मी म्हटलं, "पैसे कंपनीकडं जाणार, कंपनी बाजारात लावणार, बाजार पडला की आमचे बी पडणार. आन् तवा तुमी ह्याच हापिसात बसलेले असाल का, त्येवढं सांगायचं ऱ्हायलं तुमचं." आमच्या ह्यांनी मान खाली घातली. साहेब मात्र खुदकन हसले. आठ दिवसांनी निरोप आला, बाईंना नोकरी करायची आहे का.

खुर्चीने आम्हाला काय काय दाखवलं म्हणून सांगू. एकाने बायको म्हणून बहिणीला आणून बसवलं. ती बिचारी प्रत्येक उत्तराच्या आधी त्याला 'दादा' म्हणत होती. कुपवाडचा एक ठेकेदार बराच वेळ घुटमळला आणि हळूच विचारता झाला, की समजा एखाद्याची दोन घरं असली तर. साहेबांनी चेहरा न हलवता मला सांगितलं, शालनताई, आतनं अजून एक खुर्ची आणा. जम्मूला असलेल्या एका जवानाची बायको एकटीच आली तेव्हा त्याचा व्हिडिओ कॉल लावून फोन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभा केला. रेंज गेली की ती फोनला म्हणायची, "आवं, नीट बसा की."

सगळंच गोड नव्हतं. मुसलमानाकडे पैसे द्यायचे का, हे आमच्या गावातल्या पारावर माझ्यादेखत बोललं जायचं. "तुमच्यात व्याज चालत न्हाई म्हणं, मग आमचं कसं वाढवणार?" असं एका निवृत्त सुभेदारांनी तोंडावर विचारलं. साहेब म्हणाले, माझं काय चालतं त्याचा जाब मी वर देईन, तुमचा हिशेब इथं देतो. एकदा गावात वातावरण तापलं होतं. 'त्यांच्या' ऑफिसातून पैसे काढून घ्या असा मेसेज मोबाइलवर फिरला आणि सकाळी दारात रांग लागली. साहेबांनी शटर पूर्ण वर केलं, सगळ्यांना चहा सांगितला आणि मला काढायचे फॉर्म टेबलावर मांडायला लावले. कुणाला थांबा म्हणाले नाहीत. सुभेदारही रांगेत होते, त्यांनी सगळे काढले. फक्त साहेबांनी त्यांना तेवढं विचारलं, मालकिणीला सांगून आलाय ना? महिन्याभराने ते मालकिणीसह परत आले. बोलणी तिने केली, आणि सुभेदार बाहेर मोटारसायकल पुसत बसले.

आता पिशवीचं सांगते. गिरणी बंद पडल्यावर साहेबांच्या गल्लीतल्या बायका हातावर हात धरून बसल्या होत्या. साहेबांच्या बायकोने, जैतुनभाबींनी, त्यांना एकत्र करून लाल कापडाच्या पिशव्या शिवायचं काम सुरू केलं. ऑफिस त्या रोखीने विकत घ्यायचं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी एक द्यायचं. आत, माणसाच्या माघारी लागणारा, मोठ्या अक्षरात लिहिलेला एकच कागद असे: पैसे कुठे आहेत, विमा कुठला, कुणाला फोन करायचा. सगळं दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणाच्याही सहीने निघेल असं. दर गुरुवारी तर आम्ही धंदा बंद ठेवून, कुणाचंही गिऱ्हाईक असो, मेलेल्या माणसाच्या मागे राहिलेले कागद फुकट सोडवून द्यायचो. महापुरानंतरचे काही महिने ऑफिसभर दोऱ्या बांधून लोकांचे भिजलेले कागद वाळत घातले होते, आणि भाबी एकेका कागदावर हलकी इस्त्री फिरवत होत्या. सांगलीच्या कितीतरी घरांत आजही तसे तपकिरी डागांचे कागद आहेत.

पिशवी पोचवायचं आणि समजावून सांगायचं काम माझं. इथे माझ्या हातून जे झालं ते लिहिण्यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला. पिशव्या द्यायला लागल्यावर वर्षभरात माझ्या लक्षात आलं, की पिशवीतल्या कागदावरचा पैसा टिकत नाही. दीर मागतो, भाऊ मागतो, नवरा स्वतःच अडीअडचणीला मोडतो. मग मी मनानेच एक वाक्य तयार केलं. बाईच्या हातात पिशवी देताना तिच्या डोळ्यांत बघून म्हणायची, "मालकांनी डोळे मिटल्यावरच हिला हात लावायचा. त्याआधी न्हाई." बाईच्या अंगावर काटा यायचा आणि पिशवी वर आढ्याला जायची. वाक्याचा गुण लगेच दिसला. मोडण्याचं प्रमाण घटलं. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं, आणि साहेबांना मी ते वाक्य कधी सांगितलं नाही. अकरा वर्षं मी ते घराघरांत बोलत राहिले.

जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका वाडीत बिराप्पा आणि मायव्वा हे धनगर जोडपं आमचं गिऱ्हाईक होतं. मूलबाळ नव्हतं. गुडघे कुरकुरायला लागल्यावर बिराप्पाने अर्धा कळप विकून पैसे आमच्यामार्फत गुंतवले होते. चाळीस मेंढ्या ठेवल्या, त्यावर दोघांचं चालायचं. मायव्वा खुर्चीवर बसली तेव्हा सही येत नाही म्हणाली. साहेबांनी अंगठा घ्यायला नकार दिला. वाडीत कानडी शाळा होती, तिथल्या मास्तरांकडून ती तीन महिन्यांत नाव लिहायला शिकून आली आणि फॉर्मवर तिने कानडीत सही केली. पुढे पिशवी द्यायला मीच त्यांच्या वाडीला गेले होते. मायव्वाला मराठी कळायचं. माझं वाक्यही तिला नीट कळलं.

बरीच वर्षं गेली. एक दिवस सकाळी मायव्वाच्या भावाचा ऑफिसात फोन आला. बिराप्पा मेंढ्यांसाठी लिंबाचा पाला तोडायला झाडावर चढला होता, तो डोक्यावर पडला. मिरजेच्या दवाखान्यात बेशुद्ध होता. डोक्यात रक्त साकळलंय, उशीर झाला तर माणूस हाताला लागणार नाही, असं डॉक्टर म्हणत होते. सरकारी योजनेचे कागद जुळवायचे चालले होते, पण त्याला दिवस लागणार होते. म्हणून मायव्वा वाडीला परतली होती आणि उरलेल्या चाळीसही मेंढ्या एका व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने देत होती. मी फोनवर म्हटलं, अहो, पण यांचे पैसे आहेत की आमच्याकडे, तिची एक सही लागेल फक्त. भाऊ म्हणाला, "त्येच तर सांगाय फोन केलाय, बाई. ती सही करत न्हाई. पिशवीला हात लावू देत न्हाई. म्हणती, ह्यो पैसा त्यो मेल्यावरचा हाय. आत्ता काढला म्हंजे मीच त्याला मारला."

माझ्या हातातला फोन साहेबांनी घेतला. सगळं ऐकून घेतलं, ठेवला आणि मला विचारलं, "असं तिला कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हटलं.

साहेबांनी लगेच डॉक्टरांना फोन लावून सांगितलं की पैसे तीन दिवसांत खात्यावर येतील, तोवर माझा शब्द धरा, पण ऑपरेशन थांबवू नका. डॉक्टर म्हणाले, शब्द चालेल, मात्र पेशंटच्या माणसाने आज खर्चाच्या कागदावर सही करायला पाहिजे. मग साहेब गल्लीतल्या घरी गेले आणि भाबींना घेऊन आले. भाबींच्या काखेत एक लाल पिशवी होती. ती नदाफांच्या घरची, साहेबांची स्वतःची पिशवी.

गाडी मिरज सोडून कवठेमहांकाळच्या वाटेला लागली. मी मागे बसले होते आणि एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. बिराप्पा गेला तर तो माझ्या वाक्याने जाणार होता. आयुष्यात इतकं खरं खरं भ्यायले नाही मी, ह्यांचं युनिट कारगिलला होतं तेव्हाही नाही.

वाडीत पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. व्यापाऱ्याचा टेम्पो मेंढ्यांच्या वाड्याजवळ लागलेला, मोजणी चालली होती. मायव्वा काठी धरून उभी होती आणि एकेक मेंढी नावाने ओळखून पुढे काढत होती. मी सरळ तिच्यासमोर गेले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की मायव्वा, मी चुकले, ते वाक्य ऑफिसचं नव्हतं, माझ्या मनाचं होतं, पैसा कधीही काढता येतो, तू सही कर.

तिने माझ्याकडे शांतपणे बघितलं. "तवा बी तूच बोललीस, बाई," ती म्हणाली. "तवा खरं म्हणून बोललीस. आत्ता बी खरं म्हणून बोलायलीस. मी कुठलं धरू?"

साहेब मात्र वाद घालायला आलेच नव्हते. भावाने घोंगडी अंथरली होती तिच्यावर ते मांडी घालून बसले, आणि भाबी त्यांच्यासमोर बसल्या. भाबींनी मायव्वाला जवळ बोलावलं.

"हिकडं बघ, मायव्वा. ह्यो माझा मालक. जिता हाय. सकाळी दोन भाकऱ्या खाऊन आलाय. आन् ही त्याची पिशवी, तो मेल्यावर उघडायची म्हणतीस ती."

आणि भाबींनी नाडी सोडली. कागद बाहेर काढला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिलीच ओळ 'माझ्या मृत्यूनंतर' अशी होती. त्यांनी चष्म्यावरून साहेबांकडे एकदा बघितलं. साहेब म्हणाले, वाच की. भाबींनी सगळा कागद शेवटपर्यंत वाचला: कुठला फंड, कुठला विमा, कुणाला फोन, घराचा उतारा कुठे, गल्लीतल्या बायकांचे शिलाईचे किती द्यायचे राहिलेत. व्यापारीही मेंढ्या मोजायचा थांबून ऐकत होता. साहेब नवऱ्या मुलासारखे अंग चोरून बसले होते, कारण स्वतःच्या मरणाची यादी चारचौघांत ऐकून घ्यायची म्हणजे काही सोपं नाही. वाचून झाल्यावर भाबींनी कागदाची घडी केली.

"आता हात लावून बघ," त्या मायव्वाला म्हणाल्या. "गेला का जिता हाय?"

मायव्वा खाली वाकली. नुकत्याच झालेल्या कोकराचा श्वास बघतात तसा तिने साहेबांच्या छातीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ ठेवून बसली. मग उठली, घरात गेली, आढ्याची पिशवी काठीने खाली काढली. पिशवीवर वर्षावर्षाच्या हळदीकुंकवाचा थर होता. तिने ती उघडली आणि आतला कागद न बघताच मला म्हणाली, "सई कुठं करू?"

कानडीत सही झाली. व्यापाऱ्याने चहा घेतला, डिझेल फुकट गेलं म्हणून थोडी कुरकुर केली आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. आम्ही मायव्वाला गाडीत घालून मिरजेला आणलं. संध्याकाळी ऑपरेशन झालं. बिराप्पाला शुद्धीवर यायला पाच दिवस लागले. उजवा हात कायमचा हलका झाला, पण तो मेंढ्यांमागे पुन्हा चालायला लागला. मी दवाखान्यात त्याच्या पायाशी उभी राहून रडले. त्याला मी कोण हे आठवत नव्हतं.

ऑपरेशनच्या रात्री मिरजेहून परतताना साहेबांनी त्या वाक्याचा विषय काढला. चूक तुमच्या एकटीची नाही, असं म्हणाले. बायकांना खुर्चीवर बसवून परत सांगायला मी लावलं, पण घरी पिशवी उघडून बघायची रीतच घातली नाही. मग विचारलं, "तुमच्यात नवऱ्याला आयुष्य मागायचा दिवस कुठला?"

मी म्हटलं, वटपौर्णिमा.

"त्या दिवशी बायका उपाशी असत्यात. आकड्यात डोकं चालायचं न्हाई. दुसरा?"

मग पाडवा ठरला. दिवाळीच्या पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचं, ओवाळणी घ्यायची, फराळ करायचा आणि मग त्याच्यासमोर पिशवी उघडून कागद मोठ्याने वाचायचा. वर्षातून एकदा, सगळी जिती असताना. मुसलमान घरांत ईदच्या दुसऱ्या दिवशी, ज्यांना नवरा नाही त्यांनी मुलीसमोर नाहीतर सुनेसमोर. पाडव्याला ऑफिसही उघडं असायचं आणि तिथे साहेब आणि भाबी दरवर्षी येईल त्याच्यासमोर आपली पिशवी उघडून वाचायचे. पहिल्या वर्षी बघायला गर्दी झाली. लोक म्हणायचे, बाई नवऱ्याचं मरण वाचती आन् गडी समोर लाडू खातोय.

हे झालं रीतीचं. पण साहेबांनी मला आणखी एक काम लावलं. अकरा वर्षांत ज्या ज्या घरी मी ते वाक्य बोलले होते, त्या प्रत्येक घरी परत जायचं आणि ते मागे घेऊन यायचं. गाडी ऑफिसची, पगार चालू. दोन वर्षं मी तेवढंच करत होते. धंद्याच्या दृष्टीने त्याचा शून्य उपयोग होता, आणि साहेबांच्या थोरल्या मुलाने तसं बोलूनही दाखवलं. साहेब म्हणाले, गादीत सुई राहिली तर गादी परत आणून उसवायची असते. आढ्यांवरच्या पिशव्या मी खाली काढायला लावल्या. एकीत उंदरांनी घर केलं होतं. एका घरी नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी बाईने भीतीपोटी पिशवी उघडलीच नव्हती. तीन वर्षं ती दुसऱ्याच्या रानात भांगलायला जात होती, आणि पैसे डोक्यावर टांगलेले होते. तिच्या दारात बसून मी किती वेळा माफी मागितली ते मोजलं नाही. तिने मला चहा दिला. मला अजून कधीकधी तो चहा आठवतो आणि घास उतरत नाही.

मी मार्चमध्ये निवृत्त झाले. त्यानंतर दोन महिन्यांनी साहेब गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. जनाज्याला आष्ट्याचे सुभेदार होते, कुपवाडचा ठेकेदार होता, जतहून बिराप्पा काठी टेकत आला होता. दफनभूमीच्या फाटकाबाहेर बायका उभ्या होत्या, त्यांत निम्म्या कुंकू लावलेल्या.

भाबी इद्दतीत होत्या, नवरा गेल्यावर पाळायचे चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर पडल्या नाहीत. आता नवरात्रात त्यांचा निरोप आला, ऑफिसला ये. मी गेले. मुलाला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. लाकडी खुर्चीवर बसल्या. मांडीवर लाल पिशवी होती, नाडीला गाठ तशीच.

मी विचारलं, "भाबी, उघडली न्हाई अजून?"

"न्हाई."

मला वाटलं, माझं ते वाक्य यांनाही लागलं की काय. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तू तिकडं बस. त्यांच्या जागी. आन् विचार."

साहेबांच्या खुर्चीवर बावीस वर्षांत मी एकदाही बसले नव्हते. बसले. मग विचारलं, "आता तुमी सांगा, भाबी."

त्यांनी दोन्ही हात पिशवीवर ठेवले आणि सांगायला सुरुवात केली. कुठला फंड, त्याचा नंबर, विमा कुठला, कुणाला फोन करायचा, घराचा उतारा कुठल्या कपाटात, शिलाईचे कुणाचे किती. एकदाही अडखळल्या नाहीत. इतके पाडवे त्यांनी ते साहेबांसमोर वाचलं होतं आणि मी ऐकलं होतं. शेवटी म्हणाल्या, "आन् पिंजण भितीवरनं काढायची न्हाई." मग गाठ न सोडताच पिशवी माझ्यापुढे टेबलावर ठेवली.

"बरोबर हाय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "बरोबर हाय."